चीफ पोहोचेपर्यंत आग विझायची

आमच्या ब्लॉकमध्ये त्यांना सगळे चीफ म्हणायचे. बुकित पंजांगमधल्या आमच्या भागात रहिवाशांचं एक स्वयंसेवक अग्निशमन पथक होतं, त्याचे ते प्रमुख. पथकात कागदावर भरपूर माणसं होती. प्रत्यक्षात तिघंच: स्वतः चीफ, बस चालवून निवृत्त झालेले लिम अंकल, आणि एका बालवाडीत स्वयंपाक करणारी रोहाना. त्यांतले लिम अंकल घरी बसून कंटाळा येतो म्हणून यायचे, आणि रोहाना कोणालाच नाही म्हणू शकत नसे म्हणून. आग विझवायची मनापासून इच्छा असलेला माणूस एकच होता.

ते मूळचे नाशिकचे, एका बँकेत इंटर्नल ऑडिटला होते आणि इथे राहून राहून इथलेच नागरिक झाले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून ते संध्याकाळी घरी यायचे, हातपाय धुवायचे, लाल जाकीट चढवायचे आणि पुन्हा चुका काढायला बाहेर पडायचे. खिशात मोजपट्टी असे. कोणाचं शूरॅक कॉरिडॉरमध्ये किती पुढे आलंय, कोणाच्या तुळशीच्या कुंडीने वाट अडवलीय, कोणाची सायकल कठड्याला टेकलीय, हे ते मोजायचे. मोजून झालं की बेल वाजवायचे आणि घरातल्या माणसाला अत्यंत अदबीने सांगायचे, "धुरात तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही या कुंडीवर पडाल. तुमच्यावर शेजारचे पडतील." एवढं ऐकल्यावर माणूस कुंडी आत घ्यायचा. चीफ लिफ्टमध्ये शिरले की ती परत बाहेर यायची.

नाक मोठं होतं आणि ते रिकामं बसत नसे. लिफ्टचं दार उघडलं की आधी हवा हुंगायची आणि मग पाऊल बाहेर टाकायचं. आमच्या मजल्यावर फोडणी पडली की त्यांना खालच्या मजल्यावर कळायचं. फोडणीशी त्यांचं जुनं वैर होतं. त्यांच्या मते मराठी माणसाच्या घरातली सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे फोडणीची पळी. "तेल पेटलं तर काय कराल?" असं ते कोणालाही, लिफ्टमध्ये, रविवारी सकाळी विचारत. समोरचा पाणी म्हणाला की संपलं. "पाणी टाकलंत तर आग छतापर्यंत जाईल आणि तुम्ही तिच्याबरोबर. झाकण ठेवायचं. गॅस बंद करायचा. झाकण." एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनीच मला हळूच सांगितलं होतं की आमच्याकडे आमटी आधी होते आणि फोडणी कधी होते कधी नाही, हे स्वयंपाकघरात कोण उभं आहे त्यावर.

त्यांची-माझी ओळख आमच्या वास्तुशांतीला झाली. नवा फ्लॅट, छोटासा होम, गुरुजी सेरांगूनहून आलेले. गुरुजींनी अग्नी प्रज्वलित केला आणि दारात लाल जाकीट उभं राहिलं. हातात आग विझवायचं लाल सिलिंडर. आमंत्रण नव्हतं, पण धुराला आमंत्रण लागतं का, असा एकूण चेहरा. गुरुजी "स्वाहा" म्हणत तूप सोडायचे आणि ज्वाळा जरा उंच झाली की चीफ एक पाऊल पुढे यायचे. ती खाली बसली की एक पाऊल मागे. शेवटी गुरुजीच वैतागले.

"अहो, तुम्ही यजमान आहात का?"

"नाही. मी खबरदारी आहे," चीफ म्हणाले.

पूर्णाहुती झाल्यावर कुंडातले निखारे पूर्ण शांत होईपर्यंत ते बसून राहिले. पाहुणे श्रीखंड-पुरी जेवून गेले, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, हे आपले कुंडासमोर मांडी घालून. मी म्हटलं, पाणी ओतू का थोडं? तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही अभद्र बोललो. "होमाचा अग्नी आहे. तो आपण विझवायचा नसतो. तो आपल्या वेळेने शांत होतो. आपण फक्त लक्ष ठेवायचं." तेव्हा मला या माणसाचा स्वभाव कळला. आग विझवायला हा आसुसलेला, आणि देवाची आग विझवायची नाही असा घरचा संस्कार. त्यामुळे देवापुढचं निरांजनसुद्धा ते फुंकर मारून कधी मालवत नसत. तूप बेताचंच घालायचे आणि ज्योत आपणहून जाईपर्यंत देव्हाऱ्यासमोर पहारा द्यायचे. त्यांच्या घरी आरतीला दहा मिनिटं लागायची आणि आरतीनंतरच्या पहाऱ्याला अर्धा तास.

आता त्यांचं दुःख सांगतो. इथे फोनवर एक सोय आहे. आसपास कचऱ्याची पेटी धुमसली, कोणाच्या स्वयंपाकघरातून धूर निघाला, की जवळच्या स्वयंसेवकाचा फोन कोकलतो. बंबाची गाडी निघालेलीच असते, पण ती येईपर्यंत जवळच्या माणसाने जमेल ते करायचं. चीफचा फोन वर्षानुवर्षं कोकलत होता. ते वर्षानुवर्षं धावत होते. आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकही आग विझवली नव्हती. ते पोहोचेपर्यंत ती विझलेली असे. कधी एखाद्या मोलकरणीने बादली ओतलेली असे, कधी पिंपातला कचरा आपणहून जळून संपलेला असे, आणि एकदा तर धूर म्हणजे एका तरुण जोडप्याची करपलेली मासळी होती. चीफनी तिथेही त्यांना झाकणावर व्याख्यान दिलं.

लिम अंकल म्हणायचे, "चीफ कम, फायर फिनिश ऑल्रेडी." हे हळूहळू सगळ्या ब्लॉकच्या तोंडी बसलं. कोणाचं भांडण मिटलं, पाऊस थांबला, लिफ्ट दुरुस्त झाली की लोक म्हणायचे, चीफ येऊन गेले वाटतं.

चिनी लोकांच्या पितरांच्या महिन्यात तर त्यांचे हाल बघवत नसत. त्या दिवसांत खाली पत्र्याच्या पिंपांत लोक पूर्वजांसाठी कागदी नोटा जाळतात. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या. रीतसर परवानगीच्या. चीफ रोज संध्याकाळी पिंपाशेजारी उभे. आग समोर, सिलिंडर हातात, आणि विझवायचा प्रश्नच नाही, कारण तीही देवाधर्माचीच. लोक त्यांना संत्री द्यायचे. ते संत्री घेऊन घरी यायचे आणि वहिनी न विचारताच सोलायला बसायच्या.

आग लागावी असं कोणी बोलून दाखवत नाही. त्यांनीही कधी दाखवलं नाही. पण एकदा खाली बाकावर बसलेले असताना ते मला म्हणाले, "ऑडिटमध्ये कसं असतं माहितीये? झालेल्यावर बोट ठेवायचं. आयुष्यभर तेच केलं. एकदा तरी होत असताना पोहोचावं, असं वाटतं." मी थट्टा करणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून राहिलं.

दर महिन्याला व्हॉइड डेकवर, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, ते कवायत घेत. येणारी माणसं मूठभर, त्यांतही निम्मी लिफ्टची वाट पाहणारी. चीफचा आवडता भाग म्हणजे घोषणा. पेटत्या तेलावर कोणी पाणी टाकायला निघालं तर त्याला ओरडून थांबवायचं, आणि तेही त्याच्या भाषेत. त्यामुळे देशाच्या चारही अधिकृत भाषांत 'पाणी टाकू नका' हे वाक्य सगळ्यांना पाठ हवं. ते स्वतः खणखणीत आवाजात सांगायचे आणि लोकांनी मागून म्हणायचं. इंग्रजी ठीक. मलय, "जांगान सिराम आयर", रोहानाने शिकवलेलं, बरं. तमिळ चालून जायचं. मँडरिनच्या वेळी मात्र लिम अंकल मान खाली घालायचे.

"चीफ से, आय थिंक ही ऑर्डर नूडल," ते मला म्हणाले होते.

"आणि मराठीत?" मी एकदा विचारलं.

"मराठी अधिकृत भाषा नाही," चीफ म्हणाले, आणि पुन्हा मँडरिनकडे वळले.

अशा माणसाची आणि माझ्या आईची गाठ पडणार हे नशिबातच होतं. वडील गेल्यावर आई कराडचं घर बंद करून आमच्याकडे आली. बरोबर एक पितळी समई आणि एक अट. नवरात्रात नंदादीप. घट बसल्यापासून उठेपर्यंत अखंड. लग्न होऊन आल्यापासून तिने तो एकदाही विझू दिला नव्हता. सासू गेली त्या वर्षीही नाही. मी आणि बायकोने हळू आवाजात चर्चा केली आणि हो म्हटलं. ही चर्चा कॉरिडॉरमध्ये झाली हे चुकलं. दुसऱ्या दिवशी बेल वाजली.

"काकू, घरात दिवसरात्र जळणारी ज्योत म्हणजे आग," चीफ उभ्या उभ्याच म्हणाले.

"आग नव्हे, देवी आहे," आई म्हणाली.

"दुपारी तुम्ही झोपता. झोपलेल्या माणसाचा पहारा धरत नाहीत."

"देवी नाही झोपत."

देवीविरुद्ध बोलायची चीफची छाती नव्हती. ते खुर्चीत बसले. चहा घेतला. मोजपट्टी काढून देव्हारा आणि पडद्यातलं अंतर मोजलं. मग म्हणाले, "मी पथक लावतो."

आणि खरोखर लावलं. इतक्या वर्षांच्या त्या पथकाची पहिली मोठी कामगिरी म्हणजे आमच्या घरातल्या एका ज्योतीचा पहारा. पडदा काढला गेला. समई वाळू भरलेल्या परातीत आली, त्यावर काच आली. "देवीला परातीत बसवलं," असं आई दोन दिवस पुटपुटत होती. पहाऱ्याला बसणाऱ्यांची चीफनी परीक्षा घेतली. खुर्चीत बसायचं, ज्योतीकडे बघायचं, अर्धा तास दुसरीकडे नजर न्यायची नाही. लिम अंकल पहिल्या नंबराने पास झाले. जन्मभर बस चालवल्यामुळे समोर बघत राहणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. रोहाना पास. बायको पास. आईला त्यांनी जागेपणीपुरतं पास केलं आणि तिने त्यांना त्याबद्दल दिवसभर क्षमा केली नाही. मी नापास. मधे फोन वाजला आणि मी बघितलं.

"ऑफिसचा होता," मी म्हटलं.

"सगळ्या आगी ऑफिसचा फोन चालू असतानाच लागतात," चीफ म्हणाले. "तुम्ही बसायचं नाही."

माझ्याच घरात, माझ्याच आईच्या दिव्यासमोर मला बसायला बंदी, असा सगळा प्रकार. पण नवरात्र फार मजेत गेलं. दुपारी आई झोपली की रोहाना यायची आणि ज्योतीकडे बघत बघत भाजी निवडायची. तिला ती सवलत होती. लिम अंकल सकाळी यायचे. आईला चिनी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, तरी दोघांचं गुडघेदुखीवर सविस्तर बोलणं व्हायचं. संध्याकाळचा पहारा चीफचा. ते जाकीट घालून बसायचे. आई जपमाळ घेऊन बाजूला. दोघं एकमेकांशी बोलत नसत. त्यांचं चांगलं जमलं होतं.

अष्टमीला आई आणि बायको दुपारीच देवळात गेल्या. मी घरून काम करत होतो. चीफनी रजा काढली होती. ते दिव्यासमोर, मी मागे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये. आणि चीफचा फोन कोकलला.

त्यांनी वाचलं. उभे राहिले. समोरच्या ब्लॉकमध्ये, स्वयंपाकघरात आग. आमच्या खिडकीतून त्या ब्लॉकची मागची बाजू दिसते, तिथे एका मजल्यावरून काळा धूर निघत होता. करपलेल्या मासळीचा नव्हे. चीफनी सिलिंडर उचललं, दारापर्यंत गेले, आणि तिथून परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"दिवा."

"अहो, मी आहे ना. मी बसतो. जा तुम्ही."

"तुम्ही नापास आहात," चीफ म्हणाले.

त्यांना चेष्टा सुचलेली नव्हती. मी इतका वेळ या माणसाला हसत आलो होतो, पण त्या क्षणी त्यांच्याकडे बघून मला हसू आलं नाही. एकीकडे जन्मभर वाट पाहिलेली आग, दुसरीकडे माझ्या आईची ज्योत आणि स्वतःचा नियम. एक हात सिलिंडरवर, दुसरा नुसताच पुढे आलेला. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे, एखाद्या न जुळणाऱ्या ताळेबंदावर सही करावी तसं.

"बसा. तुम्ही पास."

मी मीटिंगमधून उठून खुर्चीत बसलो. त्यांनी जाऊन माझा लॅपटॉप मिटला, माझा फोन उचलून स्वतःच्या खिशात घातला आणि गेले. जिन्यावरून त्यांच्या धावण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आगीत लिफ्ट वापरायची नाही हा त्यांचा नियम दुसऱ्या ब्लॉकच्या आगीलाही लागू होता.

त्यामुळे आमच्या ब्लॉकच्या इतिहासातली चीफची ती एकमेव आग मी पाहिलेली नाही. मी ज्योत पाहत होतो. मागे धूर होता, पण मान वळवायची नव्हती. बंबाचा भोंगा लांबून आला, जवळ आला आणि बंद झाला. खाली माणसांचे आवाज आले. मला राहून राहून वाटत होतं की एकदा बघावं. नाही बघितलं. काय सांगावं, पण मला त्या माणसाची काळजी वाटत होती, आणि बघितलं तर त्यांचं काही बरंवाईट होईल असं काहीतरी खुळ्यासारखं डोक्यात बसलं होतं.

आई आणि बायको परत आल्या. आईने मला खुर्चीत बघितलं.

"तो कुठे गेला?"

"आग विझवायला."

"खरी?"

"खरी."

आईने चपला तशाच ठेवून देवीला हात जोडले, आणि मग माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बस. त्याने बसवलंय ना तुला." मग आम्ही दोघं बसलो.

चीफ आले तेव्हा जाकिटाला धुराचा वास होता. त्यांनी सिलिंडर दाराशी ठेवलं. त्याची पिन जशीच्या तशी होती; ते वापरलेलंच नव्हतं. ते आत येऊन जमिनीवरच बसले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याच्याकडे बघत राहिले, घेतला नाही.

"विझली?" बायकोने विचारलं.

"झाकणाने," चीफ म्हणाले. "कढई होती. तेलाची. झाकण ठेवलं, गॅस बंद केला. झालं." आणि मग, "म्हातारी एकटीच होती. तिच्या हातात पातेलं होतं. पाण्याचं. असं वर उचललेलं."

बायको त्यांच्यासमोर खाली बसली.

"मी दारातून ओरडलो. थांबली ती."

"मग झालं तर," आई म्हणाली.

"नाही झालं, काकू." ते एकदम कळवळून म्हणाले. "मी मराठीत ओरडलो. चार भाषा पाठ आहेत. वर्षानुवर्षं लोकांकडून घोकून घेतोय. आणि वेळेला तोंडातून काय आलं? 'अगं ए, टाकू नको गं.' चिनी म्हातारीला. तिने टाकलं असतं म्हणजे? इतक्या जवळ होतं, काकू. चेहऱ्याच्या इतक्या जवळ."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई त्यांना आजवर अहोजाहो करायची. ती म्हणाली, "अरे, असा आईला ओरडल्यासारखा ओरडलास म्हणून थांबली ती. इंग्रजीत पाठ केलेलं म्हणाला असतास तर टाकलंच असतं तिने. पी पाणी."

त्यांनी तांब्या घेतला. प्यायले. मग उठले, माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले, आणि मी त्यांना जागा दिली. उरलेला पहारा त्यांनीच केला. माझा फोन द्यायचा मात्र ते विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आणून दिला आणि दारातच सांगितलं, "काल आणीबाणी होती. ते पास रद्द समजा."

मला वाटलं, आता महिनाभर तरी या आगीची कहाणी ऐकावी लागणार. मासळीची कहाणी त्यांनी वर्षभर पुरवली होती, तर ही जन्मभर पुरेल. पण चीफनी ती कोणालाच सांगितली नाही. आम्हीही बोलायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, कारण त्यांच्या हिशेबी तो विजय नव्हता, कवायतीतली गंभीर त्रुटी होती. पुढच्या चिनी नववर्षाला त्यांच्या गेटला संत्र्यांची पिशवी लटकलेली दिसली, ती कोणाची हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बंबवाल्यांनी कौतुक केलं असं ऐकलं, तेही दुसऱ्यांकडून. ब्लॉकमध्ये लोक तसंच म्हणत राहिले, चीफ कम, फायर फिनिश ऑल्रेडी. ते ऐकून चीफ मान डोलवायचे. मला मात्र आता ते वाक्य ऐकलं की राग यायचा.

बदल एकच झाला. पुढच्या कवायतीला चार भाषा झाल्यावर चीफ थांबले, घसा खाकरला, आणि मूठभर लोकांसमोर पूर्ण आवाजात म्हणाले, "टाकू नको गं."

"चीफ, दिस वन व्हॉट लँग्वेज आह?" रोहानाने विचारलं.

"एमर्जन्सी लँग्वेज," चीफ म्हणाले. "रिपीट."

सगळ्यांनी रिपीट केलं. ते चार भाषांचं ठीक, ही पाचवी लोकांना आवडली. मुलं शाळेतून येताना लिफ्टमध्ये एकमेकांना ओरडायची. माझी मुलगी, जी घरात मराठीला इंग्रजीत उत्तर देते, तीही आपल्या मैत्रिणींना उच्चार सुधारून द्यायची, "नॉट ताकू, टाकू, लाह."

चीफ निवृत्त झाले आणि नाशिकला गेले. वहिनींना म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहायचं होतं. तिथल्या सोसायटीत त्यांनी पथक काढलंय म्हणतात. कवायतीला कोणी येत नाही, जिन्यात सगळ्यांनी सायकली लावल्यात, आणि ते आनंदात आहेत. जायच्या आधी मला सिलिंडर देतील असं मला उगाच वाटलं होतं. लिम अंकलना दिलं. मला म्हणाले, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण नजर फिरते."

आईचा नंदादीप अजून असतो. पहाऱ्याला लिम अंकल आणि रोहाना येतात, आणि चीफच्या संध्याकाळी आता मी बसतो. त्यांना विचारून नव्हे. फोन बायकोकडे देऊन बसतो.

परवा खाली कवायत होती. लिम अंकल जाकिटात, जरा वाकलेले, पण आवाज तोच. चार भाषा झाल्या. मँडरिन अर्थातच यंदा फार सुरेख झालं. मग त्यांनी पाचवीसाठी हात वर केला, आणि ते तोंड उघडायच्या आत मागच्या ओळीतून, काठीला टेकून उभ्या असलेल्या एका चिनी म्हातारीने, कोणाला भीती वाटावी अशा आवाजात आरोळी ठोकली, "ताकू नको गं." तिच्यामागून सगळ्यांनी म्हटलं. मी खिशातून फोन काढला, "परत म्हणा" असं लिम अंकलना खुणावलं, ते सगळं रेकॉर्ड केलं आणि तिथूनच चीफना पाठवलं.

उत्तर लगेच आलं. "कवायत चालू असताना फोनकडे बघत होतात. नापास." आणि थोड्या वेळाने दुसरं, "म्हातारीचा आवाज परत पाठवा."